मुखत्यार मालक नसतो, नॉमिनी वारस नसतो

बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी. दक्षिण नागपूरच्या या पट्ट्यात शेतांचे ले-आउट पडले आणि प्लॉटचे मालक पुणे, बंगळुरू, अमेरिका असे पांगले. प्लॉट इथं, मालक तिथं. मग मधली माणसं आली: मुखत्यार, एजंट, नॉमिनी, वकील. हे सगळे दुसऱ्याच्या वतीनं वागतात, पण प्रत्येकाचा अधिकार वेगळा. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो आणि भुर्दंड पडतो तो घेणाऱ्याला.

सर्वांत महागात पडतो तो ‘पॉवर’चा गैरसमज. “रजिस्ट्री मागाहून लावू, सध्या पॉवर करून घ्या, प्लॉट तुमचाच झाला न भाऊ.” प्लॉट तुमचा होत नाही. ‘पॉवर’ अर्थात आममुखत्यारपत्र म्हणजे मालकानं आपलं काम दुसऱ्याकडून करून घेण्यासाठी दिलेला लेखी अधिकार. त्यानं मालकी हलत नाही. विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी देऊन जमीन विकण्याची रीत देशभर बोकाळली होती. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात स्पष्ट केलं की अशा जुडीनं मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणी झालेलं विक्रीपत्रच लागतं. स्टॅम्प ड्युटी वाचली म्हणून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या निकालानंतर काहींनी उलटं टोक गाठलं: मुखत्यारामार्फत व्यवहारच बेकायदेशीर. तेही खोटं. परदेशातल्या मुलानं इथल्या वडिलांना खरंखुरं मुखत्यारपत्र दिलं आणि वडिलांनी त्याच्या वतीनं विक्रीपत्रावर सही केली, तर व्यवहार पक्का. न्यायालयानं त्याच निकालात खऱ्या मुखत्यारपत्रांना धक्का लावलेला नाही. मात्र परदेशात सही करताना तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत ती व्हावी, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. ही मुदत चुकवणारे पुष्कळ.

“बाबा गेले, पण त्यांची पॉवर माझ्याजवळ आहे,” हे वाक्य तर हमखास ऐकू येतं. देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं. भारतीय करार कायदा, 1872, याच्या कलम 201 मध्ये हे लिहिलेलं आहे. मृत्यूची खबर लागण्याआधी प्रामाणिकपणे केलेला व्यवहार कायदा सांभाळून घेतो, आणि मुखत्याराचा स्वतःचाच हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तर अपवाद आहे, एरवी नाही. म्हणूनच मुखत्यार दुय्यम निबंधकाकडे गेला की, अधिकार देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द झालेला नाही, असं घोषणापत्र त्याच्याकडून घेतात. ते खोटं लिहून देणं गुन्हा आहे.

याच कलमातली दुसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही तरीही मुखत्यारपत्र संपतं. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला तर उपयोगी पडेल म्हणून मुलं आईकडून पॉवर करून ठेवतात. नेमकी गरज पडते तेव्हाच ती कामाची राहत नाही. मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. मला हा कायदा अपुरा वाटतो. काही देशांत अशा वेळीही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं; आपल्याकडे ती सोय हवी.

आता नॉमिनी. फ्लॅटच्या सोसायटीत, बँकेत, शेअर्समध्ये नाव लावलं की तोच मालक, असं धाकट्या भावाला सांगून गप्प बसवणारे थोरले भाऊ घरोघरी सापडतील. नॉमिनी वारसांच्या वतीनं सांभाळतो, इतकंच. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितलं. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, पण हक्क कोणाचा हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. आयुर्विमा मात्र वेगळा: 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांच्याच हक्काचा.

पालकाचंही तसंच. अल्पवयीन मुलाचे वडील त्याचे नैसर्गिक पालक असतात, तरी मुलाच्या नावावर घेतलेला प्लॉट ते कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाहीत (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956, कलम 8). मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतं.

एजंट कोणाचा, हा प्रश्न विचारला की बहुतेकांना हसू येतं. दोन्हीकडून कमिशन घेणारा दोघांचाही मुखत्यार नसतो. मालकाचा लेखी अधिकार नसेल तर त्यानं घेतलेला बयाणा मालकावर बंधनकारक नाही. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातले प्लॉट वा फ्लॅट विकणाऱ्या एजंटाचीही नोंदणी लागते.

मुखत्यार कोर्टात आपल्या जागी साक्ष देईल, अशीही समजूत आहे. मालकालाच ठाऊक असलेल्या गोष्टींची साक्ष तो देऊ शकत नाही, असा निकाल जानकी वासदेव भोजवानी प्रकरणात झालेला आहे. वकीलपत्र ही त्याहून निराळी चीज, ते कोर्टात बाजू मांडण्यापुरतं. नागपूरकर भोसल्यांच्या काळात मात्र वकील म्हणजे राजदूत होता: मुधोजी भोसल्यांचे बेनीराम पंडित वॉरन हेस्टिंग्जकडे वकील होते, आणि 1781 मध्ये बनारसहून निसटलेल्या हेस्टिंग्जला त्यांनी पैशांची मदतही केली. आजच्या वकिलाकडून तेवढी अपेक्षा नको.

बेस्यात प्लॉट घेताना मुखत्याराकडून नोंदणी झालेल्या मुखत्यारपत्राची प्रत मागा, त्यात विक्रीचा अधिकार शब्दांत लिहिला आहे का ते वाचा, मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि पैसे मालकाच्याच खात्यात भरा.