जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुनी वास्तु, जुने दागिने आणि जुने ग्रंथ यांचें मोल आपल्या समाजास पूर्वींपासून ठाऊक आहे. जुन्या यंत्राचें मोल मात्र आपणांस अद्याप नीटसें उमगलेलें नाहीं. यंत्र जुनें झालें म्हणजे तें भंगारांत घालावें, नाहीं तर वरून रंगसफेती करून मिरवावें, असे दोनच मार्ग सामान्यतः लोकांस दिसतात. या दोहोंच्या मधला तिसरा मार्ग म्हणजे जीर्णोद्धार. देवळाचा जीर्णोद्धार करणारा सुज्ञ मनुष्य कळसास सोनें लावण्यापूर्वीं पाया तपासतो. मोटारीच्या बाबतींत हाच क्रम उलटा झालेला हरघडी दिसतो, आणि तोहि विशेषेंकरून उंची मोटारींच्या बाबतींत. अलीकडे अशी एक मोटार आमच्या कुटुंबांत आली. तिच्या दुरुस्तीचें काम आम्हीं आरंभापासून अखेरपर्यंत जवळून पाहिलें. त्यांतून जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. उंची गाडी वीस-तीस वर्षांची झाली म्हणजे तिची किंमत इतकी उतरते, कीं ती मध्यम स्थितींतील गृहस्थाच्याहि आटोक्यांत येते. मोह पडतो तो येथेंच. पण किंमत उतरते ती गाडीची; तिच्या सुट्या भागांची नव्हे. ज्या गाडीचा प्रत्येक भाग श्रीमंताच्या खिशास अनुसरून घडविला गेला, तिचा तो भाग आजहि त्याच दर्जाचें मोल मागतो. हत्ती स्वस्तांत मिळाला, तरी त्याचा चारा स्वस्त होत नाहीं.

आमच्या पुतण्यानें घेतलेली गाडी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्याची ‘१२४’ या क्रमांकानें ओळखली जाणारी ई-क्लास आहे. हा नमुना १९८४ सालाच्या अखेरीस जगापुढें आला, आणि त्याच्या सर्व प्रकारांच्या मिळून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. महाराष्ट्राशीं तिचा संबंध असा, कीं १९९५ सालीं पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत, टेल्कोच्या आवारांत, याच गाडीची जुळणी सुरू झाली. हिंदुस्थानांत तयार होणारी ती पहिली मर्सिडीज. आमचे दिवंगत ज्येष्ठ बंधु त्या आवारांत नोकरीस होते. पहिल्या गाड्या बाहेर पडतांना त्यांनीं पाहिल्या, आणि घरीं येऊन त्यांचें वर्णन केलें. त्या वेळीं सात वर्षांचा असलेला हा मुलगा तें वर्णन विसरला नाहीं. वडिलांच्या पश्चात् त्यानें ‘ई २२०’ ही पेट्रोलवर चालणारी, दीडशें अश्वशक्तीची गाडी शोधून काढली. तेव्हां हा केवळ चैनीचा प्रकार नव्हता. म्हणूनच ती नीट उभी राहावी, अशी घरांत सर्वांचीच इच्छा होती.

गाडी दारांत आली तेव्हां पुतण्याची यादी तयार होती: मोठा पडदा असलेलें संगीतयंत्र, पांढरे झगझगीत एलईडी दिवे, रुंद चाकें आणि नवा रंग. गणपतीस गुहागरकडील मूळ गांवीं कुंभार्ली घाटानें याच गाडींतून जावयाचें, असाहि त्याचा बेत होता. वहिनींनीं यादी ऐकून घेतली आणि एवढेंच विचारलें, “अरे, यांत ब्रेक कोठें आहेत?”

या प्रश्नानें कामाची दिशा ठरली. आम्हीं आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें, त्यामुळें व्याकरणाचीच उपमा सुचली. व्याकरणांत असलेला वर्ण नाहींसा होणें याला लोप म्हणतात. नवा वर्ण शेजारीं येऊन बसणें याला आगम, आणि एकाच्या जागीं दुसरा येणें याला आदेश. आगम मित्रासारखा, तो कोणास उठवीत नाहीं. आदेश शत्रूसारखा, तो मूळच्याला हुसकून त्याची जागा घेतो, असें शास्त्री विद्यार्थ्यांस समजावून देतात. पण या आदेशावरहि पाणिनीनें एक बंधन घातलें आहे. ज्याच्या जागीं तो आला, त्याचे धर्म त्यानें सामान्यतः चालविले पाहिजेत. मोटारीच्या दुरुस्तीचें सारें शास्त्र या तीन शब्दांत मावतें. आधीं लोप, मग आदेश, आणि सर्वांच्या शेवटीं आगम.

लोप म्हणजे मागील मालकांनीं केलेल्या उपद्व्यापांचें निरसन. आमच्या गाडींत कोणी कर्णा बसविला होता, कोणी रंगीत दिवे, कोणी ध्वनिवर्धक. त्या प्रत्येकासाठीं मूळच्या तारा कापून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. वृद्ध मिस्त्रींनीं हा सर्व पसारा काढला, तेव्हां एक पोतें भरलें. ते म्हणाले, “गुरुजी, गाडी बिघडत नाहीं हो, लोक बिघडवतात.” या एका लोपानेंच, रात्रभर उभी राहिली कीं बॅटरी उतरण्याची खोड नाहींशी झाली.

यानंतर आदेश. त्याचा पहिला मान थांबण्याच्या साधनांचा. कारण न चालणारी गाडी फार तर गैरसोय करते, न थांबणारी प्राण घेते. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा वाढला कीं त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो, आणि घाट उतरतांना ब्रेक तापले म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून पाय खालपर्यंत जातो आणि गाडी मात्र थांबत नाहीं. हें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. आमच्या गाडींतील तेल काळें पडलें होतें, आणि चाकांजवळच्या रबरी नळ्या आंतून फुगल्या होत्या. टायरांवरील नक्षी मात्र खोल होती, त्यामुळें पुतण्यास ते नवे वाटले. पण टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढील दोन वर्ष सांगतात. त्यावरून ते टायर अकरा वर्षांचे निघाले. रबर उभ्या उभ्या म्हातारें होतें. नक्षी झिजली नाहीं म्हणून तें तरुण राहत नाहीं.

मिस्त्रींनीं त्या फुगलेल्या नळ्या पुतण्याच्या हातांत ठेवल्या. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. त्या वर्षीं गणपतीस सर्व मंडळी एस. टी. नें गुहागरला गेलीं.

दुसरा मान एंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा. या एंजिनाचें डोकें ॲल्युमिनियमचें आहे. एकदां पाणी आटून तें तापलें कीं वाकतें, आणि वाकलें कीं सारा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची मान कालांतरानें ठिसूळ होऊन तुटते, हा या जातीचा ठाऊक असलेला दोष. म्हणून रेडिएटर, रबरी नळ्या, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप हे एकत्रच तपासावे. नळाचें पाणी घालूं नये. त्यांतील क्षार आंत साचतात. कारखान्यानें सांगितलेलें कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यांत मिसळून घालावें.

तिसरा मान विजेच्या तारांचा. येथें या गाडीची एक विशेष कथा आहे. १९९३ ते १९९५ च्या सुमारास या कारखान्याच्या कित्येक एंजिनांस ज्या तारा जोडल्या गेल्या, त्यांचें वेष्टन निसर्गांत विरून जावें अशा हेतूनें बनविलें होतें. हेतु उत्तम, परंतु एंजिनाच्या उष्णतेनें तें वेष्टन गाडींतच विरूं लागलें. तें कडक होतें, त्यास भेगा पडतात, तुकडे गळतात, आणि उघड्या तारा एकमेकींस चिकटून एंजिन अडखळतें. असा दोष असला कीं अजाण कारागीर एकामागून एक महाग भाग बदलीत सुटतो, आणि रोग जेथल्या तेथेंच राहतो. एंजिनावरची तार वांकवून पाहावी. वेष्टन खडूसारखें तुटलें, तर सबंध जुडगा बदलावा, चिकटपट्टीची मलमपट्टी करूं नये. आमच्या गाडीच्या तारा बोट लावतांच सोलल्या.

उरलेलें काम बहुतेक रबराचें. एंजिन ज्यांवर टेकतें त्या द्रव भरलेल्या बैठका, मागील चाकांस शक्ति नेणाऱ्या दांड्याच्या टोकांच्या रबरी चकत्या, आणि चाकांच्या पट्ट्यांतील बुश. या गाडीचें प्रत्येक मागील चाक पांच वेगवेगळ्या पट्ट्यांनीं धरलेलें असतें. तिच्या सुखद चालीचें रहस्य त्यांतच आहे, आणि दुरुस्तीच्या खर्चाचेंहि. दारांचीं कुलुपें हवेच्या दाबावर चालतात. त्यांचा छोटा पंप मागील आसनाखालीं असतो, आणि कोठें नळी चिरली कीं तो उगाच घरघरत राहतो. वातानुकूलनाचा थंडावा देणारा भाग तर डॅशबोर्डच्या पोटांत आहे. तो गळूं लागला म्हणजे सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तेव्हां जुनी गाडी घेण्यापूर्वींच भर दुपारीं अर्धा तास तें यंत्र चालवून पाहावें.

सुटे भाग कोणते घ्यावे? पाणिनीचें बंधन येथें लागू पडतें. कारखान्याच्या पेटींतील भाग महाग असतो. परंतु तोच भाग मुळांत घडविणाऱ्या लेम्फोर्डर, झाक्स, बॉश यांसारख्या कंपन्या आपल्या नांवानेंहि तो विकतात, आणि तो पुष्कळ वेळां स्वस्त पडतो. पुण्यास नाना पेठेंत हिंडलें तर बरेंच कांहीं हातीं लागतें. दुकानीं जातांना गाडीचा चासिस-क्रमांक लिहून न्यावा. एकाच नमुन्यांत वर्षागणिक भाग बदललेले असतात. केवळ आकार जुळतो म्हणून निनांवी भाग बसविणें म्हणजे स्थान घेणें आणि धर्म सोडणें होय.

पेट्रोलचा प्रश्नहि आतां लक्षांत घ्यावा लागतो. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे मिळूं लागलें, आणि आतां तेंच सर्वत्र मिळतें. तीस वर्षांपूर्वींच्या नळ्या व गॅस्केटें या मिश्रणासाठीं बनविलेलीं नव्हतीं. इथेनॉल ओलावा ओढतें, टाकीच्या तळचा गाळ सोडवितें आणि जुनें रबर फुगवितें. म्हणून इंधनाच्या नळ्या या मिश्रणास टिकणाऱ्या जातीच्या बसवाव्या, फिल्टर लवकर बदलावा, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये.

इतकें झाल्यावर आगमास परवानगी. येथें कायदाहि आड येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच बजावलें. दिव्यांचें म्हणाल तर, साध्या दिव्यासाठीं घडविलेल्या परावर्तकांत एलईडी घातला कीं प्रकाश रस्त्यावर न पडतां समोरून येणाराच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षां जुनी कांच घांसून, परावर्तक स्वच्छ करून, दिव्यास पुरेसा वीजदाब पोंचतो कीं नाहीं तें पाहिलें, तर उजेड आपोआप वाढतो. पुतण्यानें अखेर दोनच आगम केले: मागें पाहण्याचा लहानसा कॅमेरा, आणि मूळच्या घडणींत लपून बसेल असें साधें संगीतयंत्र. दोहोंसाठीं स्वतंत्र फ्यूज घेतला. मूळची एकहि तार कापली नाहीं.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती नवी करावी लागते, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण-करहि पडतो. २०२१ च्या नियमांप्रमाणें ‘विंटेज’ हा मान पन्नास वर्षें पूर्ण झालेल्या गाडीसच मिळतो. तेव्हां तीस वर्षांची गाडी कायद्यापुढें नवीहि नव्हे आणि पुराणवस्तुहि नव्हे. ती केवळ जुनी. विकत घेण्यापूर्वीं नोंदणीची मुदत, चासिसवरील आंकडे आणि कर्जाचा बोजा हीं तीन स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावीं.

या सर्वांस आठ महिने लागले. पुतण्यानें एक वही केली असून तींत प्रत्येक भाग, त्याची तारीख, किलोमीटर आणि किंमत लिहिलेली आहे. वहीची बेरीज खरेदीच्या रकमेच्या निम्म्याहून पुढें गेली. तथापि तिच्यांतील एकहि ओळ शोभेसाठीं नाहीं. नवा रंग अद्याप बाकीच आहे. फाल्गुनांत गाडी कुंभार्ली घाट उतरली, तेव्हां पुढच्या आसनावर वहिनी बसल्या होत्या. गांवीं पोंचल्यावर त्यांनीं बोनेटवर हात ठेवून, “त्यांना आवडली असती,” एवढेंच म्हटलें.

ज्यांस अशी गाडी घ्यावयाची असेल, त्यांस आमचें सांगणें असें. गांठीं असलेल्या पैशांपैकीं दोन भागच खरेदीस लावावे, तिसरा भाग गाडी दारांत येण्यापूर्वींच निराळा काढून ठेवावा, आणि चवथ्याचीहि मनाची तयारी असावी. ज्याला तें शक्य नाहीं त्यानें लहान पण नवी गाडी घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. ज्याला शक्य आहे त्यानें मात्र घाई करूं नये. चांगल्या कारागिरांनीं मन लावून घडविलेली वस्तु दुसऱ्या पिढीच्या हातीं आली, तर ती तिसरीच्या हातीं जाण्याजोगी ठेवणें, हीहि एक प्रकारची ऋणफेडच आहे.