मनीचे दात, मुलांचे हात

मुलांच्या हट्टापायी म्हणा किंवा उंदरांना कंटाळून म्हणा, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी कधी ना कधी मांजराचे पिल्लू येतेच. पहिले आठ दिवस नुसते कौतुकात जातात. मग मुलांच्या हातांवर लाल ओरखडे दिसू लागतात. पोळ्या लाटायला उभे राहावे तर पिल्लू घोट्याला लोंबकळते, पदर हलला की त्यावर झडप! घरातली वडील मंडळी म्हणतात, "सोडून या त्याला मंडईत." आणि खरोखरच कितीतरी पिल्लांची पिशवीत घालून रवानगी होते. मैत्रिणींनो, तसे करण्याआधी एवढे लक्षात घ्या, की ते पिल्लू द्वाड नसते. त्याचे शिक्षण अपुरे राहिलेले असते, इतकेच.

ते चावते तरी का?

मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम. दबा धरायचा, झेप घ्यायची, पुढच्या पायांनी पकडून दात रोवायचे आणि मागच्या पायांनी लाथा झाडायच्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याला सुईसारखे दुधाचे दात येऊ लागतात. ते एकूण 26 असतात. भावंडांशी मस्ती करताना एखाद्याने जोरात चावले, तर दुसरे ओरडते, उलट चावते किंवा खेळ सोडून चालते होते. कुठवर चावायचे हे पिल्लू असेच शिकते. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, त्या सात घरांतच ही शाळा चाललेली असते. आपण मात्र महिन्याभराचे गोजिरवाणे पिल्लू उचलून आणतो. निदान 8 आणि जमल्यास 12 आठवडे ते आईजवळ राहू द्यावे. दोन भावंडे एकत्र आणली तर त्यांची मस्ती आपापसात चालते आणि आपले हात वाचतात.

पुढे साधारण साडेतीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून 30 कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवत असल्याने त्या दिवसांत चावणे आणखी वाढते.

हात म्हणजे खेळणे नव्हे

हा पहिला आणि मुख्य धडा आधी माणसांना शिकवायचा आहे! पुरुषमंडळींना संध्याकाळी घरी आल्यावर जमिनीवर बोटे नाचवून पिल्लाला चिडवण्याची भारी हौस. इवल्याशा पिल्लाचे चावणे गमतीचे वाटते. पण तेच सहा महिन्यांनी मोठे झाले, की त्याच सवयीने धाकट्याचा हात रक्तबंबाळ करते. म्हणून बोटे, पायाची बोटे, पदर यांपैकी काहीच खेळायला द्यायचे नाही.

त्याऐवजी हातभर काठीला लांब नाडी बांधा आणि टोकाला चिंधीची गाठ मारा. ती जमिनीवरून सरपटत न्या, मध्येच थांबवा, दाराआड दडवा. अधूनमधून शिकार त्याला पकडू द्या, नाहीतर ते चिडते. दात रोवून लाथा झाडायला जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून द्या. खेळ संपला की काठी-नाडी कपाटात ठेवा. नाडी, लोकर किंवा शिवणाचा दोरा पोटात गेला, तर आतड्यात अडकून पिल्लाच्या जिवावर बेतते.

मांजरांच्या अंगात उजाडताना आणि तिन्हीसांजेला वारे भरते. नेमकी तीच आपली स्वयंपाकाची वेळ! तेव्हा ओट्याशी उभे राहण्यापूर्वी दहा मिनिटे खेळवा आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, मग झोप हा त्याचा क्रमच आहे. घोट्यांचा पिच्छा पुष्कळसा सुटतो.

दात लागले तर

हात झटकन ओढू नका. हिसका बसला की पिल्लाला वाटते, उंदीर पळाला! ते आणखी घट्ट धरते. हात सैल सोडा, हलवू नका. सुटका झाली की न बोलता उठून जा आणि एक-दोन मिनिटे त्याच्याकडे बघूसुद्धा नका. चावलं की खेळ बंद, एवढंच त्याला कळायला हवं. कान मागे गेले, शेपटी आपटू लागली की चावण्याआधीच खेळ थांबवावा.

नाकावर टिचक्या मारणे, तोंडावर पाणी उडवणे हे उपाय नकोत. त्याने हाताची भीती बसते आणि भ्यालेले मांजर जास्तच चावते. नियमही सगळ्यांचा एकच हवा. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. दोन बाईंचे दोन नियम असले की वर्गातली मुले सोयीचा तेवढा उचलतात, पिल्लाचेही तसेच. आईने उठून जायचे आणि दादाने बोटे नाचवायची, तर महिनाभरातही काही साधणार नाही. एरवी शांत असलेले पिल्लू एकाएकी चावू लागले, तर त्याचे कुठेतरी दुखत असेल. पशुवैद्याला दाखवा.

हे मात्र विसरू नका

रेबीज मांजराच्या चाव्यानेही होऊ शकतो. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र तो टळतो. दात लागून रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पोटातली ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. आता लस दंडात टोचतात. शिवाय मांजराचे दात बारीक पण खोल जातात, त्यामुळे जखम वरून क्षुल्लक दिसली तरी आत पू होऊ शकतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या.

आणि मुलांना आजच जवळ बसवून सांगा, "मनी चावली तर मला लगेच सांगायचं. मी रागावणार नाही आणि तिला सोडूनही देणार नाही." कारण मनीला मंडईत सोडतील या भीतीने मुले चावा बाहीखाली लपवतात, आणि खरा धोका त्या लपवण्यातच असतो.