९ नोव्हेंबर (जर्मनीचा इतिहास)

९ नोव्हेंबर ही तारीख जर्मनीच्या आधुनिक इतिहासात विशेष महत्त्वाची मानली जाते. १८४८, १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ या पाच वर्षी याच तारखेला जर्मनीच्या राजकीय जीवनाला वळण देणाऱ्या घटना घडल्या. त्यामुळे जर्मन भाषेत या दिवसाला 'शिक्झाल्सटाग' म्हणजेच 'नियतीचा दिवस' असे म्हटले जाते. प्रजासत्ताकाची घोषणा, ते उलथवण्याचा प्रयत्न, ज्यू नागरिकांवरील देशव्यापी अत्याचार आणि बर्लिनची भिंत खुली होणे या परस्परविरोधी स्वरूपाच्या घटना या एका तारखेत एकत्र आल्या आहेत. हा दिवस उत्सवाचा मानावा की शोकाचा, हा प्रश्न त्यामुळे जर्मनीत वारंवार चर्चिला गेला आहे. जर्मनीचा राष्ट्रीय दिन मात्र ९ नोव्हेंबर नसून ३ ऑक्टोबर आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

जर्मन भाषेत 'शिक्झाल' म्हणजे नियती आणि 'टाग' म्हणजे दिवस. दुसऱ्या महायुद्धानंतर काही इतिहासकारांनी व पत्रकारांनी ९ नोव्हेंबरसाठी ही संज्ञा वापरली. १९८९ साली बर्लिनची भिंत याच तारखेला खुली झाल्यानंतर ती सर्वत्र रूढ झाली.

या तारखेला जर्मनीशी संबंधित इतरही घटना घडल्या आहेत. मद्रासवर (सध्याचे चेन्नई) २२ सप्टेंबर १९१४ रोजी तोफा डागणारी 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ 'सिडनी' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेकडून निकामी झाली. अल्बर्ट आइनस्टाइन यांना १९२१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्याचा निर्णय स्वीडनच्या विज्ञान अकादमीने ९ नोव्हेंबर १९२२ रोजी घेतला. 'नियतीचा दिवस' या संदर्भात सहसा या घटनांची गणना होत नाही. ज्या पाच घटनांची गणना होते त्या सर्व एकाच प्रश्नाशी निगडित आहेत : जर्मनीत सत्ता कोणाची असावी आणि त्या देशाचा नागरिक कोणाला म्हणावे?

प्रमुख घटना

१८४८ : रॉबर्ट ब्लूम यांना मृत्युदंड

१८४८ साली युरोपातील अनेक देशांत राजेशाहीविरुद्ध उठाव झाले. जर्मन भाषक प्रदेश तेव्हा अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. या राज्यांसाठी एक सामाईक राज्यघटना तयार करण्याच्या हेतूने १८ मे १८४८ रोजी फ्रांकफुर्ट येथील सेंट पॉल चर्चमध्ये निर्वाचित राष्ट्रीय सभा भरली. लाइपझिगचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्लूम हे या सभेतील लोकशाहीवादी गटाचे एक नेते होते.

ऑक्टोबर १८४८ मध्ये व्हिएन्ना शहरात उठाव झाला. उठावकर्त्यांना पाठिंबा देण्यासाठी ब्लूम तेथे गेले आणि लढ्यात सहभागी झाले. ऑस्ट्रियाच्या शाही सैन्याने शहर जिंकल्यावर त्यांना अटक झाली. राष्ट्रीय सभेचे सदस्य म्हणून असलेले संरक्षण धुडकावून लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला. ९ नोव्हेंबर रोजी व्हिएन्नाजवळील ब्रिगिटेनाउ येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना ४१ वर्षे पूर्ण होणार होती. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला राजसत्ता जुमानत नाही, हे या घटनेने स्पष्ट झाले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सभाही संपुष्टात आली.

१९१८ : प्रजासत्ताकाची घोषणा

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव अटळ झाला असताना ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस नौदलाच्या काही खलाशांनी अखेरच्या लढाईसाठी समुद्रात जाण्यास नकार दिला. कील बंदरातून हे बंड देशभर पसरले. ठिकठिकाणी कामगारांच्या व सैनिकांच्या समित्या स्थापन झाल्या.

९ नोव्हेंबर रोजी चान्सेलर माक्स फॉन बाडेन यांनी सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या संमतीची वाट न पाहता त्याच्या पदत्यागाची घोषणा केली आणि आपले पद समाजवादी लोकशाही पक्षाचे नेते फ्रीडरिश एबर्ट यांच्याकडे सोपवले. दुपारी दोनच्या सुमारास याच पक्षाचे फिलिप शायडेमान यांनी संसद भवनातून जमावासमोर प्रजासत्ताकाची घोषणा केली. राज्यव्यवस्थेचा निर्णय घटना समितीने घ्यावा, असे एबर्ट यांचे मत असल्याने ते या घोषणेमुळे संतापले. सुमारे दोन तासांनी डाव्या क्रांतिकारकांचे नेते कार्ल लीबक्नेश्ट यांनी राजवाड्यापाशी स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. अशा रीतीने एकाच दिवशी, एकाच शहरात, दोन वेगवेगळी प्रजासत्ताके घोषित झाली. प्रत्यक्षात त्यांपैकी पहिले टिकले आणि पुढे ते वायमार प्रजासत्ताक म्हणून ओळखले जाऊ लागले.

सम्राट दुसऱ्या दिवशी नेदरलँड्समध्ये आश्रयाला गेला आणि ११ नोव्हेंबर रोजी युद्धविराम झाला. आपले सैन्य रणांगणावर हरले नव्हते, देशातील समाजवादी व ज्यूंनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला, अशी दंतकथा लवकरच उजव्या गटांनी पसरवली. क्रांती करणाऱ्यांना आणि युद्धविराम स्वीकारणाऱ्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हटले जाऊ लागले.

१९२३ : म्युनिकमधील उठाव

१९२३ हे वायमार प्रजासत्ताकासाठी अत्यंत संकटाचे वर्ष होते. जानेवारीत फ्रान्स व बेल्जियमच्या सैन्याने रूर हा औद्योगिक प्रदेश व्यापला. चलनाचे मूल्य इतके घसरले की नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एका अमेरिकी डॉलरसाठी सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते.

८ नोव्हेंबरच्या रात्री म्युनिकमधील ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरगृहात बव्हेरियाचे सत्ताधारी गुस्टाफ फॉन कार यांची सभा चालू होती. अॅडॉल्फ हिटलर सशस्त्र अनुयायांसह सभेत घुसला आणि त्याने 'राष्ट्रीय क्रांती' सुरू झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबर रोजी, हिटलर आणि निवृत्त सेनानी एरिक लुडेनडॉर्फ यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २,००० जणांनी शहराच्या मध्यभागी मोर्चा काढला. फेल्डहेर्नहाले या स्मारकाजवळ बव्हेरियाच्या पोलिसांनी तो गोळीबार करून मोडून काढला. त्यात चार पोलीस आणि हिटलरच्या बाजूचे म्हणून गणले गेलेले सोळा जण मरण पावले.

देशद्रोहाच्या खटल्यात हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली. तथापि सुमारे नऊ महिन्यांतच त्याची लांड्सबर्गच्या तुरुंगातून सुटका झाली. तेथेच त्याने 'माइन काम्फ' या पुस्तकाचा पहिला भाग लिहिला.

१९३३ साली सत्तेवर आल्यानंतर नाझी पक्षाने या फसलेल्या उठावाचे वार्षिक सोहळ्यात रूपांतर केले. दरवर्षी ८ नोव्हेंबरला हिटलर त्याच बिअरगृहात भाषण करी आणि ९ नोव्हेंबरला मोर्चाची पुनरावृत्ती होई. हिटलरचा हा नित्यक्रम जाणून गेऑर्ग एल्सर या सुताराने ८ नोव्हेंबर १९३९ च्या भाषणाच्या वेळी स्फोट व्हावा म्हणून तेथील खांबात आधीच बॉम्ब दडवून ठेवला. हिटलर स्फोटाच्या १३ मिनिटे आधी निघून गेल्याने वाचला. आठ जणांचा त्यात मृत्यू झाला. एल्सर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउ छळछावणीत ठार मारण्यात आले.

१९३८ : नोव्हेंबरमधील अत्याचार

ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस नाझी सरकारने जर्मनीत राहणाऱ्या सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना देशाबाहेर हाकलले. त्यांत ज्याचे कुटुंब होते, त्या १७ वर्षांच्या हेर्शेल ग्रीन्स्पानने ७ नोव्हेंबर रोजी पॅरिसमधील जर्मन वकिलातीतील अधिकारी अर्न्स्ट फॉम राट याच्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राट ९ नोव्हेंबर रोजी मरण पावला.

ही बातमी म्युनिकला पोहोचली तेव्हा १९२३ च्या उठावाच्या स्मृतिदिनानिमित्त नाझी पक्षाचे नेते तेथील जुन्या नगरभवनात भोजनासाठी जमले होते. प्रचारमंत्री योजेफ गोबेल्सने तेथे चिथावणीखोर भाषण केले. उपस्थित नेत्यांनी आपापल्या प्रांतांत दूरध्वनीवरून आदेश दिले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीत, तसेच ताब्यात घेतलेल्या ऑस्ट्रियात १,४०० हून अधिक सिनेगॉग जाळण्यात आले किंवा उद्ध्वस्त करण्यात आले. ज्यूंच्या सुमारे ७,५०० दुकानांची नासधूस झाली. आग ज्यूंच्या मालमत्तेपुरती असेल तर ती विझवू नये, केवळ शेजारच्या इमारतींचे रक्षण करावे, अशा सूचना अग्निशमन दलांना होत्या. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना अटक करून डाखाउ, बुखेनवाल्ड आणि झाक्सनहाउझेन येथील छळछावण्यांत पाठवण्यात आले. अधिकृत आकड्यानुसार मृतांची संख्या ९१ होती. छावण्यांत मरण पावलेले आणि आत्महत्या केलेले लोक धरले तर ती त्याहून बरीच मोठी होते. या नुकसानीनंतर सरकारने ज्यू समाजावरच १०० कोटी राइशमार्कचा दंड बसवला.

फुटलेल्या काचांवरून या घटनेस 'क्रिस्टालनाख्ट' म्हणजे 'स्फटिकांची रात्र' हे नाव पडले. या नावामुळे हत्या, अटक व जाळपोळ झाकली जाऊन केवळ काचांचाच उल्लेख राहतो, असा आक्षेप घेण्यात येतो. त्यामुळे जर्मनीत आता 'नोव्हेंबर पोग्रोम' या संज्ञेचा वापर वाढला आहे. विशिष्ट समाजावर संघटितपणे केलेल्या हिंसक हल्ल्यास पोग्रोम म्हणतात.

१९८९ : बर्लिनची भिंत खुली होणे

१३ ऑगस्ट १९६१ पासून उभ्या राहिलेल्या बर्लिनच्या भिंतीमुळे किमान १४० जणांना प्राण गमवावे लागले होते. १९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीमार्गे हजारो पूर्व जर्मन नागरिक पश्चिमेकडे जाऊ लागले. लाइपझिगमध्ये दर सोमवारी निदर्शने होऊ लागली. ९ ऑक्टोबरच्या निदर्शनात सुमारे ७०,००० लोक सहभागी झाले आणि सरकारने बळाचा वापर केला नाही. १८ ऑक्टोबर रोजी एरिक होनेकर यांच्या जागी एगोन क्रेंझ पक्षप्रमुख झाले.

९ नोव्हेंबर रोजी सरकारने प्रवासासंबंधी नवा नियम तयार केला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर व्हायचा होता आणि त्यानुसार नागरिकांना रीतसर अर्ज करावा लागणार होता. संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी हा कागद वाचून दाखवला. नियम ठरवणाऱ्या चर्चेच्या वेळी ते उपस्थित नव्हते. नियम केव्हापासून लागू होणार, या प्रश्नाला त्यांनी कागद चाळत 'तात्काळ' अशा अर्थाचे उत्तर दिले. हे सर्व दूरचित्रवाणीवर थेट प्रसारित होत होते. बातमी ऐकून हजारो लोक सीमेवरील नाक्यांकडे निघाले. बोर्नहोल्मर श्ट्रासे येथील नाक्यावर वरिष्ठांकडून स्पष्ट आदेश न मिळाल्याने तेथील अधिकारी हाराल्ड येगर यांनी रात्री साडेअकराच्या सुमारास स्वतःच्या जबाबदारीवर अडथळे दूर केले. त्यानंतर थोड्याच वेळात इतर नाकेही खुले झाले. गोळीबार झाला नाही.

घटनांमधील परस्परसंबंध

या पाचही घटना एकाच तारखेला घडणे हा काही अंशी योगायोग आणि काही अंशी माणसांच्या निर्णयांचा परिणाम आहे. १८४८ आणि १९१८ यांच्यातील तारखेचे साम्य हा योगायोग होय. १९२३ च्या उठावाची वेळ कार यांच्या सभेनुसार ठरली. त्याचा रोख मात्र ९ नोव्हेंबर १९१८ रोजी जन्मलेल्या प्रजासत्ताकावरच होता. १९३८ मध्ये फॉम राटचा मृत्यू त्या दिवशी होणे आकस्मिक होते. तथापि नाझी नेते एकत्र जमले होते ते १९२३ च्या स्मृतीसाठी आणि त्यामुळेच आदेश काही तासांत देशभर पोहोचू शकले. म्हणजेच १९१८, १९२३ आणि १९३८ या घटना एका साखळीने जोडलेल्या आहेत. १९८९ ची तारीख मात्र एका पत्रकार परिषदेतील गोंधळातून आली. तिचा आधीच्या घटनांशी कार्यकारणसंबंध नाही.

'नियतीचा दिवस' या संज्ञेवर आक्षेप घेतला जातो तो याच कारणासाठी. नियती म्हटले की घटना आपोआप घडल्यासारख्या वाटतात आणि त्या घडवणाऱ्यांची जबाबदारी दृष्टिआड होते. सिनेगॉग नियतीने जळले नाहीत. ते जाळण्याचे आदेश देणारे, ते पाळणारे आणि पाहत उभे राहणारे लोक होते. त्याचप्रमाणे भिंत खुली होण्यामागे निदर्शकांचे धैर्य आणि नाक्यावरील अधिकाऱ्याचा निर्णय होता.

राष्ट्रीय दिनाचा प्रश्न

वायमार प्रजासत्ताकाच्या काळात ९ नोव्हेंबरविषयी एकमत नव्हते. डाव्यांना क्रांती अपुरी वाटत होती, तर उजव्यांना ती विश्वासघात वाटत होती. त्या काळात राज्यघटनेचा दिवस म्हणून ११ ऑगस्ट पाळला जाई. पश्चिम जर्मनीने १९५३ च्या पूर्व जर्मनीतील उठावाच्या स्मरणार्थ १७ जून हा दिवस स्वीकारला होता.

भिंत खुली झाल्यावर ९ नोव्हेंबर हा राष्ट्रीय दिन करावा, अशी सूचना पुढे आली. परंतु १९३८ च्या अत्याचारांची स्मृती असलेल्या दिवशी जल्लोष करणे अनेकांना अनुचित वाटले. पूर्व जर्मनीच्या संसदेने २२-२३ ऑगस्ट १९९० च्या रात्री, ३ ऑक्टोबरपासून पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला. ३१ ऑगस्टच्या एकीकरण करारानुसार ३ ऑक्टोबर हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस ठरला. प्रशासकीय सोयीने निश्चित झालेल्या या तारखेला लोकांच्या आठवणींचा आधार नाही, ९ नोव्हेंबरमध्ये मात्र जर्मन इतिहासाचा प्रकाश आणि अंधार दोन्ही आहेत, असे मत आजही मांडले जाते.

स्मरण

९ नोव्हेंबर रोजी जर्मनीत सिनेगॉगच्या जागी स्मरणसभा होतात. नाझींच्या बळींच्या घरांसमोर पदपथावर बसवलेल्या पितळी नावांच्या फरशा नागरिक या दिवशी घासून स्वच्छ करतात व तेथे मेणबत्त्या लावतात. त्याच दिवशी बर्लिनमधील बेर्नाउअर श्ट्रासे येथे भिंतीच्या बळींना फुले वाहिली जातात. २०१४ साली भिंत खुली झाल्याच्या २५ व्या वर्षानिमित्त बर्लिनमध्ये भिंतीच्या जुन्या रेषेवर सुमारे १५ किलोमीटरपर्यंत प्रकाशमान फुगे लावून ते ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आकाशात सोडण्यात आले. राष्ट्राध्यक्षांच्या बेलव्ह्यू राजवाड्यातील एका दालनास ९ नोव्हेंबर २०२० रोजी रॉबर्ट ब्लूम यांचे नाव देण्यात आले. २०२१ साली त्याच राजवाड्यात १९१८, १९३८ आणि १९८९ या तिन्ही घटनांचे एकत्रित स्मरण करण्यात आले.