तबकडी, आकाशवाणी आणि तीस सेकंद

जुनी गाणी सरस की नवी, हा वाद मराठी घरांत प्रत्येक पिढीत रंगतो. परंतु गाणे ज्या साधनातून श्रोत्यांपर्यंत पोहोचते ते साधनच गाण्याची घडण बऱ्याच अंशी ठरवते, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या वादातून फारसे काही हाती लागत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत असल्यामुळे, १९३० च्या दशकात रुजलेल्या भावगीताला, म्हणजे कवितेतील भाव मोजक्या साथीने आळवणाऱ्या गीतप्रकाराला, ध्रुवपद आणि दोन-तीन अंतऱ्यांत सारे सांगावे लागे. याउलट १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’वर तबकडीचे बंधन नव्हते, म्हणूनच त्याच्या ५६ गीतांपैकी अनेकांत ग. दि. माडगूळकरांना कडव्यांमागून कडवी लिहिता आली आणि सुधीर फडके यांना चालीचा रंग सावकाश भरता आला. आज स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले तरच ते ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते. साहजिकच आरंभीचे वाद्यसंगीत आखडते आणि लक्ष वेधणारी ओळ पुढे येते.

याहून खोल बदल आवाजात झाला आहे. पूर्वी गायक आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी गात-वाजवत, आणि तबलजीचा ठेका चुकला तर सर्वांनाच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. या सक्तीतूनच गायकाचा श्वास आणि वादकाचा हात एकमेकांना ओळखू लागत. प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करण्याचे तंत्र आल्यावर ही गरज उरली नाही. १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ हे सुरांची दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर आले. ते बेताने वापरले तर किरकोळ चूक झाकली जाते, पण कठोरपणे वापरले तर आवाज सप्तकातील बारा ठरावीक स्वरांकडे खेचला जातो. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड आणि स्वराचे मंद आंदोलन ही दोन्ही स्वरांच्या मधल्या जागेतच जगतात, आणि यंत्र पुसते ती नेमकी तीच जागा. मराठी गायकीचे हे खरे नुकसान आहे आणि ते गतकातरतेचा भाग म्हणून बाजूला सारता येणार नाही.

तथापि, नव्या काळाने सरसकट यंत्रालाच शरण जावे असे काही नाही. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी अमेरिकेतील ध्वनिमुद्रणगृहात मोठा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवून घेतला, आणि त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’ वरातींत आणि मिरवणुकांत मराठी न समजणाऱ्यांनाही नाचवून गेले.