धागा कापणारीच्या नावाचं इंजेक्शन

कपाशी कमरेच्या वर गेली की आमच्या झरी जामणीकडे फवारणीचे पंप पाठीवर चढतात आणि मी ॲट्रोपिनचे ॲम्प्यूल मागच्या कपाटातून पुढच्या फळीवर आणून ठेवतो. औषधनिर्माता म्हणून तेवढं माझ्या हातात असतं. ही सवय 2017 च्या हंगामानं लावली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मग सरकारनं यवतमाळसह पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी घातली.

“भाऊ, हे कायचं इंजेक्शन होय?” पेशंटजवळ बसलेली बाई विचारते. विषावरचा उतारा, एवढंच मी सांगतो. नावामागची गोष्ट सांगितली तर ती हायच खाईल.

ग्रीक पुराणांत तीन दैवबहिणी आहेत. पहिली आयुष्याचा धागा कातते, दुसरी मोजते, तिसरी कापते. या तिसरीचं नाव ॲट्रोपोस, म्हणजे न वळणारी. आपली सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून निघून तरी जाते. ही कात्री घेऊन शेवटपर्यंत थांबते. युरोपातल्या एका विषारी झुडपाला लिनियसनं 1753 मध्ये ‘ॲट्रोपा बेलाडोना’ म्हटलं ते हिच्यावरून, आणि त्याच झुडपातून ॲट्रोपिन निघालं. बेलाडोना म्हणजे इटालियनमध्ये सुंदर स्त्री. तिकडच्या बायका त्याचा रस डोळ्यांत घालून बाहुल्या मोठ्या करायच्या, असं सांगतात. बांधावरचा धोत्राही याच कुळातला. त्याचं ‘दतुरा’ हे शास्त्रीय नाव तर संस्कृत धत्तूरावरूनच गेलं. त्यातही ॲट्रोपिन असतं, पण म्हणून कोणी उतारा समजून धोत्रा पाजू नये. एकावर दुसरं विष व्हायचं.

फवारणीच्या विषानं बाहुल्या उलट टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. (लॅटिनमध्येही डोळ्यातल्या बाहुलीला छोटी बाहुलीच म्हणत, ‘प्युपिला’. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं, हे रोमकरांनाही दिसलं असणार.) सोबत घाम, लाळ, छातीत घरघर. नसांचे निरोप ॲसिटिलकोलीन पोचवतं आणि काम झालं की कोलिनएस्टरेज त्याला तोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉससारखी विषं या कोलिनएस्टरेजलाच जखडतात, मग निरोप थांबतच नाहीत.

रक्ताच्या रिपोर्टवर कोलिनएस्टरेज हे नाव वाचून कोणीतरी विचारतंच, “कोलेस्टेरॉल वाढलं काय?” गंमत म्हणजे दोन्ही शब्द एका घरचे. ग्रीकमध्ये ‘कोले’ म्हणजे पित्त. कोलेस्टेरॉल पित्ताच्या खड्यांत सापडलं, कोलीन स्ट्रेकर या रसायनशास्त्रज्ञानं 1849 मध्ये डुकराच्या पित्तातून काढलं. या विषबाधेशी पित्ताचा संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ॲट्रोपिन विष मारत नाही. ॲसिटिलकोलीन जिथं जाऊन बसतं, त्यातल्या बऱ्याच जागा ते अडवतं. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर ते पुन्हापुन्हा, वाढवत देतात. लुळ्या पडलेल्या स्नायूंवर त्याचं काही चालत नाही; तिथं प्रालिडॉक्झिम, वॉर्डातलं ‘पॅम’, द्यावं लागतं. आणि विष निव्वळ सायपरमेथ्रिन, म्हणजे वेगळ्याच जातीचं कीटकनाशक असेल, तर ॲट्रोपिन त्याचा उताराच नव्हे. म्हणून पेशंट आणताना रिकामा डबा बांधावर टाकून येऊ नका. त्यासोबतची घडीची पत्रिकाही आणा. उताऱ्याचं नाव तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.