इराणी हळदीचे दूध: घरी कसे करावे, कुठे जपावे

थंडी पडली, घसा खवखवला की हळदीच्या दुधाची आठवण होते. इराणमध्येही हे दूध पितात. तिथल्या फारसी भाषेत दुधाला ‘शीर’ म्हणतात आणि हळदीला ‘जर्दचूबे’, म्हणजे पिवळे लाकूड. ईदच्या शीरखुर्म्यातला ‘शीर’ तो हाच, आणि जर्दाळूतला ‘जर्द’ म्हणजेही पिवळाच.

आपण दुधात हळद-साखर घालून मोकळे होतो. इराणी दुधात वेलची, दालचिनी, मिरी असे मसाले येतात. वरून केशर आणि गुलाबपाणी. तिथल्या जुन्या वैद्यकात दूध थंड आणि हळद, दालचिनी उष्ण मानतात. आपल्या आज्याही असेच बोलायच्या.

दोघांसाठी साहित्य: दूध २ कप, पाणी अर्धा कप, हळद अर्धा चहाचा चमचा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, २ वेलच्या, ३-४ मिरी, बिया काढलेले २ खजूर. असल्यास केशराच्या ४-५ काड्या आणि अर्धा चमचा गुलाबपाणी. ही दोन नसली तरी अडत नाही. महागाचे केशर घेण्यापेक्षा त्या पैशांत अंडी आणा. गुलाबपाणी खाण्याचेच हवे, तोंडाला लावायचे नको.

कृती: केशर चिमूटभर साखरेबरोबर कुटून २ चमचे कोमट पाण्यात भिजवा. वेलची, मिरी, दालचिनी जाडसर कुटा. अर्ध्या कप पाण्यात हा मसाला आणि हळद ५ मिनिटे उकळा, म्हणजे हळदीचा कच्चा वास जातो. मग दूध घालून उकळी आणा आणि मंद आचेवर ५ मिनिटे ठेवा. खाली उतरवून गाळा. कुस्करलेला खजूर, केशराचे पाणी आणि गुलाबपाणी शेवटी घाला. खजूर नसेल तर थोडा गूळही चालेल, पण तोही खाली उतरवल्यावरच. उकळत्या दुधात गुळाने दूध फाटते.

यातून मिळते काय? हळदीतला गुणाचा घटक म्हणजे करक्युमिन. तो हळदीत साधारण ३ टक्केच असतो, पाण्यात विरघळत नाही आणि अंगाला फार कमी लागतो. दुधातली साय आणि मिरी यांमुळे थोडा जास्त लागतो. दुधातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, गरम पेयाने घशाला आराम पडतो. एवढे पुष्कळ आहे. पण हे अन्न आहे, औषध नाही.

हळद घेताना जपा. काही ठिकाणी रंग खुलावा म्हणून हळकुंडाला लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळतात. त्यात शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. हळकुंड पाण्यात टाकून पाहा. लगेच पिवळा रंग सुटला तर ते वापरू नका. चार घरांनी मिळून चांगली हळकुंडे आणून गिरणीत दळून घेतली तर स्वस्तही पडते.

लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नका. मुलींना मिळणारी निळी आणि गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी दुधाबरोबर घेतली तर त्यातले लोह अंगाला नीट लागत नाही. दोन्हींत निदान २ तासांचे अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या.

६ महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, हळदीचे बोटही नको. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. मधुमेह असेल तर खजूर-गूळ वगळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचे: खोकला २ आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले तर दुधावर दिवस काढू नका. आशाताईंना सांगा आणि सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तिथे क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. उशीर झाला तर एकाच खोलीत झोपणाऱ्या पोरांनाही लागण होऊ शकते. दूध तपासणी करून आल्यावरही पिता येते.