पाण्यातलं ‘चिरंजीव’ विष

पाणी उकळून घेतलं की ते निर्धोक झालं, असा आपला पक्का समज असतो. रोगजंतूंच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु काही रसायनं अशी आहेत की, पाणी कितीही उकळलं तरी ती त्यातच राहतात. ‘पीफास’ हे अशाच हजारो रसायनांच्या कुळाचं नाव.

अन्न न चिकटणारा तवा, डाग न धरणारा गालिचा, आग विझवणारा फेस, या साऱ्यांसाठी ती वापरली गेली. त्यांच्यातील कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की, ऊन, पाणी, जिवाणू यांना तो सहजासहजी तुटत नाही.

गोठ्यात मिळाली सूचना

अमेरिकेतील पार्कर्सबर्ग शहराजवळ ड्यूपॉन्ट कंपनीचा टेफ्लॉनचा कारखाना होता. शेजारच्या एका शेतकऱ्याची गुरं एकामागून एक मरू लागली. वकील रॉबर्ट बिलट यांनी १९९९ साली त्याच्या वतीने दावा लावला. पुढे उघड झालं की, हे रसायन माणसांच्या पिण्याच्या पाण्यातही उतरलं आहे. सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. २०१२ पर्यंत तज्ज्ञांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता नोंदवली. २०२४ मध्ये अमेरिकेने यातील दोन प्रमुख रसायनांसाठी मर्यादा ठरवली: पाण्याच्या एक लाख कोटी भागांत केवळ ४ भाग!

पकडलं, पण टाकायचं कुठे?

सक्रिय कोळसा किंवा आरओ यंत्र ही रसायनं पाण्यातून बऱ्याच प्रमाणात वेगळी करतं. पण वेगळी करणं म्हणजे नष्ट करणं नव्हे. ती वापरलेल्या कोळशात आणि आरओच्या नळीतून वाहून जाणाऱ्या पाण्यात तशीच उरतात. अंगणातला केर परसात लोटावा, तसा हा प्रकार.

नवं तंत्रज्ञान इथेच कामी येतं. असं गोळा झालेलं दूषित पाणी ३७४ अंश सेल्सियसच्या वर तापवून हवेच्या सुमारे २२० पट दाबाखाली ठेवलं, तर ते धड द्रव राहत नाही, धड वाफही होत नाही. त्यात ऑक्सिजन मिसळला की तो चिवट बंध तुटतो. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी यातील काही रसायनं कॉस्टिक सोडा आणि एका द्रावकाच्या मदतीने अवघ्या ८० ते १२० अंशांवर मोडून दाखवली. मात्र सगळ्याच प्रकारांना ही युक्ती लागू पडत नाही.

ही यंत्रं घरात बसवण्याजोगी नाहीत आणि स्वस्तही नाहीत. आपल्या हाती आहे ते एवढंच: फिल्टर घेताना तो कोणत्या रसायनांसाठी तपासला आहे हे विचारावं आणि त्याची कांडी वेळेवर बदलावी. बाकी, विष पाण्यात मिसळूच न देणं हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.